परीक्षानळीला हात न लावलेले सर

यवतमाळ जिल्ह्यात आजवर जेवढे केमिस्ट झाले असतील, त्यांत परीक्षानळीला हातही न लावता केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ एकच, आणि ते नेमके माझ्या नशिबी सर म्हणून आले. कोणता रेणू कुणाशी जुळेल, कुठल्या बाजूने जुळेल, हे सगळं ते गणित मांडून सांगत. प्रयोगशाळेत जायचे ते फक्त तिथल्या सहायकाचा चहा प्यायला, तोही दारात उभं राहून. "आत वास येतो," म्हणायचे. मोठ्या शहरातल्या संस्थेची नोकरी सोडून हा माणूस इथे का परतला, याबद्दल कॉलेजात निरनिराळ्या कथा होत्या. त्यांना विचारलं, तर "रेणू इथेही तसेच वागतात" म्हणून ते पुन्हा कागदात डोकं घालत.

रेणू वागायचे, वीज वागत नव्हती. कापसाचे ते वाईट दिवस होते. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यांचे भोंगे बंद, बाजार सुनासुना, आणि भारनियमन रोजचंच. सरांचं एकेक गणित कॉलेजच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर दिवसच्या दिवस चाले आणि उत्तर हाताशी आलं की वीज जाई. मग दारातून पाहुणा न जेवता परत गेल्यासारखे सर हळहळत. शेवटी लोहारा गावच्या एका मिस्त्रीने ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या जोडून दिल्या. "सर, एवढ्यात ट्रक नागपूरले जाऊन आला असता," तो म्हणाला. "हे एवढं चालून राह्यलं, पोचते कुठी?" सर खूश झाले. "दोन रेणूंना एक होण्याआधी टेकडी चढावी लागते. ती किती उंच आहे, तेवढंच शोधतोय." मिस्त्रीने मान डोलावली आणि बॅटरीत पाणी घातलं.

माझे बाबा एका जिनिंगमध्ये कारकून होते. जिनिंग मधूनमधून बंद पडू लागली तसा त्यांनी धसका घेतला. नोकरी आहे तोवर पोरीचे हात पिवळे करावेत म्हणून एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातून मला त्यांनी घरी बसवलं. कळंबहून पाहुणे आले आणि नेमके त्याच दुपारी, मी वर्गात का दिसत नाही हे बघायला सर आले. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, मुलाचे मामा. पाहुण्यांना वाटलं, मुलीचे काका. सरांना काहीच वाटलं नाही. पोहे समोर आले, ते खाऊ लागले.

"इचारा पोरीले काय इचारायचं ते," बाबा अदबीने त्यांनाच म्हणाले.

सरांनी पोह्यांतले सहा शेंगदाणे निवडून बशीत गोल मांडले. "हे बेंझिन." मग बाहेरून सातवा चिकटवला. "हा इथे बसलाय. आता नवा येणारा कुठे बसेल, आणि का?"

मी पदर, ट्रे, पाहुणे, सगळं विसरले. खाली बसून, शेंगदाणे सरकवत, इलेक्ट्रॉनची गर्दी कुठे होईल ते सांगत सुटले. सर अडवत होते, मी भांडत होते. मुलगा बिचारा बशीकडे बघत बसला होता. पोरगी परीक्षेत पास होतेय म्हणून बाबांची मान ताठ.

शेवटी मुलाच्या आईने हळूच विचारलं, "हे तुमचे कोन?"

"आमचे? तुमचेच मामा न हे?"

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी घास गिळला. "मी हिचा मास्तर. माझ्याशी भांडणारी वर्गात ही एकटीच आहे हो. हिला घरी बसवू नका."  

मुलाची आई उठली आणि बाबांना म्हणाली, "शिकू द्या भाऊ तिले. हे सारं आमच्या घरी कोनासंग बोलन पोरगी?"

पाहुणे गेल्यावर बाबांनी शेंगदाण्यांची ती बशी जवळ ओढली. "येते तुले हे सारं?"

"हो."

"मंग उद्या जा कॉलेजात."

त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे, आणि ते वाक्य सरांमुळे उच्चारलं गेलं. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. सर बढती न मिळता निवृत्त झाले. रेणूंच्या त्या टेकडीवरचा त्यांचा निबंध परदेशात छापून आला, गावात कुणाला कळलंही नाही. आज मी विद्यापीठात त्याच विषयावर काम करते.

गेल्या दिवाळीत माझा नवा निबंध घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरले, चष्मा पुसला, पुन्हा धरले. मग हळूच माझ्या हातात परत दिले.

"आता हे मला समजत नाही गं."

सरांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली आणि ताठ बसले.

"तू शिकव," म्हणाले.