न उघडलेल्या पुस्तिकेवरचं टिपण

माझी नात डिझाइन शिकते. मागच्या उन्हाळ्यात ती सिंदीला माझ्याकडे आली ती काम घेऊनच. बिनधुराच्या चुलीच्या रचनेवर जे जे छापलं गेलंय त्याची यादी करायची आणि प्रत्येक पुस्तकाखाली चार ओळींचं टिपण लिहायचं: आत काय आहे, किती भरवशाचं आहे. कॉलेजात द्यायला चार दिवस उरले होते.

तिनं बॅगेतून एक जुनी टाइप केलेली यादी काढली. अशीच, चुलींवरची. केलेली मी. वर्ध्याच्या एका ग्रंथालयात नोकरीला लागले त्या वर्षी.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. कडक इस्त्रीची साडी, पर्सला अडकवलेलं पेन, आणि साध्या वाचकाला घाम फुटेल असं बोलणं. साहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. या बाईंनी आठवड्यात यादी टेबलावर ठेवली आणि शाबासकी घेऊन घरी गेल्या.

"आजी, हे पाह्य," नात वाचू लागली, "'या पुस्तिकेत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या सोयीचा बारकाईने विचार केलेला आहे.' माझी अख्खी प्रस्तावना याच्यावरच उभी हाय."

मी भेंडी चिरत होते. चिरतच राहिले.

"ते पुस्तिका तू पाह्यली का?"

"कुठंच भेटली नाई. तू वाचली ना, मंग झालं."

दोनेक भेंड्या चिरून होईपर्यंत वाटत होतं, सांगूच नये; खोटं कशाला सांगू.

"म्या नाई वाचली वं ते," मी म्हणाले. "कव्हरवरच्या चित्रात चुलीजवळ एक बाई हासत होती. तिच्याकडे पाहून लिहून टाकलं."

"काऊन पण?"

"वाटलं, कोन तपासते."

"मी तपासून राह्यली ना आता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वर्ध्याला, माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी आतल्या कपाटातून पुस्तिका शोधून दिली. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या, छापखान्यातून आल्या तशाच. मी तर नाहीच, माझ्यानंतरही कोणी ती उघडली नव्हती. माझी स्तुती वाचूनच सगळ्यांचं पोट भरलं असावं.

परवानगी घेऊन नातीनं पट्टीनं कडा सोडवल्या. आत चुलीचा आराखडा होता. मी चष्मा लावला आणि मला हसूच आलं. चुलीचं मागचं, भांडं ठेवायचं तोंड इतकं दूर, की त्यावरचा भाताचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवायला बाईनं पुढच्या जाळावरून हात न्यायचा. ज्या पोरीला तेव्हा साधा भातही जमत नव्हता, तिनं या चुलीला सोयीचं प्रमाणपत्र दिलं होतं.

"हेच सांग, हळूहळू," नात म्हणाली आणि लिहू लागली.

प्रस्तावना तिनं पुरती खोडली. दोन दिवस नवीन लिहीत बसली. माझ्याशी कामापुरतं बोलली. यादी पाठवायच्या दिवशी मात्र शेवटची नोंद वाचून दाखवली. ती माझ्या जुन्या यादीवर होती.

"'हिच्यातल्या काही पुस्तिकांवर न वाचता टिपणं लिहिलेली आहेत. पडताळूनच वापरावी.' चालते का?"

मी माझी जुनी यादी मागून घेतली आणि बोट ठेवत वरून खाली गेले. आठवून आठवून मोजलं.

"'काही' काढ," मी म्हटलं. "बारा लिही."

तिनं बारा लिहिलं.