पानाच्या तळाशी आमचे हे

मी मूळची वडूजची. आमच्या भागात पाण्याची वाट बघायची सवय, पाण्यापासून पळायची नाही. त्यामुळे मुलीच्या शाळेसाठी सांगलीत नदीच्या बाजूला तळमजल्याची खोली घेतली, तेव्हा तिथं पाणी शिरेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ऑगस्टात ते शिरलं. मुलगी, गॅसची शेगडी आणि पिठाचा डबा घेऊन मी वरच्या मजल्याचं दार वाजवलं. वर इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. तोवर आमची ओळख जिन्यात हसण्यापुरती. त्यांनी दार उघडलं, माझ्या ओल्या साडीकडं बघितलं आणि "चहा टाकते" म्हणाल्या. पाणी उतरल्यावर आम्ही खाली आलो, पण माझं वर जाणं काही थांबलं नाही.

आमचे हे फौजेत, इंजिनिअरांच्या पलटणीत. त्याच वर्षी उन्हाळ्यात शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला गेले होते. कुंडलच्या माझ्या सासरच्या घरात फौजेतली ही तिसरी पिढी, आणि घरातला एक नियमही तेवढाच जुना. ड्यूटीवरच्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही. माझ्या सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी माझी हळद उतरायच्या आतच तो नियम माझ्या कानात घातला होता. "त्येच्या डोक्याला घोर नगं. हिकडं समदं ठीक हाय, येवढंच म्हनायचं."

म्हणून खोलीत कमरेएवढं पाणी असतानाही मी फोनवर "पाऊस हाय जरा" एवढंच म्हणाले. आमचे हेही त्याच घरचे. काहीही विचारा, "सगळं ओके." मग मुलीच्या अभ्यासाची चौकशी, आणि फोन बंद. ओके द्यायचं, ओके घ्यायचं. सासर-माहेरचा आहेर तरी जरा बरा असतो.

मला त्या ओकेचा राग यायचा, खरं सांगते. हा माणूस कुठं झोपतो, कशाला भितो, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. टीव्हीवर बघावं, तर कोण कुठल्या पक्षात गेलं आणि कुणाच्या लग्नात कोण नाचलं. त्या देशाचं नावही कुणी घेत नव्हतं. एकदा वरच्या बाईंपुढं हे बोलून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, "छापून येतं की. पण इंग्रजीत, आणि तळाशी."

माझं इंग्रजी बारावीला जेमतेम सुटलेलं. तरी दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की मी वर. बाई पेपराचं पहिलं पान घडी घालून बाजूला ठेवायच्या. "ह्यांची काळजी करायला पुष्कळजण आहेत," म्हणायच्या. मग जगाच्या पानावर अगदी खाली, जाहिरातीच्या डोक्यावर चार ओळी असायच्या, तिथं बोट ठेवायच्या. तिथं नाही मिळालं तर फोनवर शोधायच्या. येमेनमधली उपासमार, काँगोतली पळापळ, हैतीतली टोळीबाजी. असे कुणी न विचारलेले देश रोज दुपारी आमच्याकडं चहाला येऊ लागले.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. शब्दाचा अर्थ त्या एकदम सांगायच्या नाहीत. आधी तो शब्द आपल्या गल्लीतल्या कुणाला तरी लावून बघायचा. 'डिस्प्लेस्ड' आला तेव्हा मी खिडकीतून गल्ली न्याहाळू लागले. "ऑगस्टात माझ्या हॉलमध्ये कोण झोपलं होतं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मी." "मग झालं तर." 'शेल्टर' म्हणजे त्यांचा हॉल. 'रेशन' तर मला आधीपासून येत होतं, त्याचा मी उगाच तोरा मिरवला. 'अंडररिपोर्टेड'ला मात्र गल्लीतलं कुणी सापडेना. बाई म्हणाल्या, "जे घडतं खूप, पण सांगितलं जातं कमी." मी पटकन म्हटलं, "मग ते आमचं घर." बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

शब्द अंगात मुरायला लागले तसं वाईटही वाटायला लागलं. आधी येमेन म्हणजे नकाशावरचा रंग होता. आता तिथली बाई पीठ कसं पुरवत असेल, हे भाकरी थापताना मनात यायचं. हे दुःख मला बाईंनीच दिलं, आणि त्यासाठीही मी त्यांची ऋणी आहे. माझं जग वडूज, कुंडल आणि सांगली एवढंच होतं. त्यांनी ते एका टेबलावर, चहाच्या कपाशेजारी मोठं करून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आत्ती सांगलीला आल्या. आल्या त्याच दिवशी आमची बातमी सापडली. दक्षिण सुदानात पुराचं पाणी उतरायचं नावच घेत नव्हतं. एका वस्तीभोवती मातीचे बांध घातले होते, आणि शांतिसेनेचे इंजिनिअर यंत्रं लावून ते राखत होते. बांध फुटला तर आत हजारो माणसं. मी अडखळत, पण स्वतः वाचलं. शेवटच्या ओळीत 'लाइव्हस्टॉक' होतं. शेजारी बसलेल्या आत्तींना सांगितलं, "गुरंढोरं, शेरडं, समदी." त्या म्हणाल्या, "मग जितराब म्हण की गं!" मग त्या बातमीवरून त्यांनी हात फिरवला. त्यांचा मुलगा त्या बांधावर होता, हे त्यांनाही उमगलं होतं.

रविवारी फोन आला. मी स्पीकर लावला. आत्तींनी डोळ्यांनीच मला दटावलं. तिकडून नेहमीचं आलं, "सगळं ओके." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बांध टिकला का वो?"

मग ते म्हणाले, "तुला कुनी सांगितलं?"

"वाचलं."

"कशात?"

"इंग्रजीत."

"तू?" हे चिडवणं होतं, पण आवाज चिडवणाऱ्याचा राहिला नव्हता. "टिकलाय. दोनदा खचला. रात-दिस माती टाकतोय आमी."

आता आत्ती माझी खरडपट्टी काढणार, म्हणून मी मान खाली घातली. त्या फोनकडं सरकल्या आणि म्हणाल्या, "त्येंची जितराबं कुठं बांधत्यात रं?"

"बांधावरच, आये. मानसांच्या उशाला."

"आन् वैरन?"

"न्हाई. लय मेली. बायका पान्यात उतरून कमळाचं बी काढत्यात, त्येच्या भाकरी करत्यात."

"आरं देवा," आत्ती म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आता नियम मोडलाच होता, म्हणून मीही सांगून टाकलं. "आवं, ऑगस्टात आपल्या खोलीत बी पानी शिरलं हुतं."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "सांगलीत पुलाजवळ किती फूट पानी हाय, ते मी हितनं रोज मोबाइलवर बघत हुतो. आपली गल्ली किती फुटांवर बुडती, ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मग इचारलं का न्हाई?"

"तुमी ठीक हाय म्हनत हुता. म्हनलं, लय धीर धरून बोलत असतील. तो मोडाया नगं."

पुराच्या त्या रात्री मी बाईंच्या हॉलमध्ये स्वतःला अगदी एकटी समजून काढल्या होत्या. आत्तींनी पदरानं तोंड पुसलं आणि फोन माझ्या हातातून स्वतःकडं घेतला.

"आमी काय काचंच्या बरन्या हाय व्हय रं?" त्या म्हणाल्या. "सांग आता. पयल्यापास्नं सांग."

आणि ते सांगू लागले.