भीतीने ठेवलेली डहाळी

हे लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस अडून बसले होते. आमच्या मंडळात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. नवस, अंगारे, गंडेदोरे यांच्यावर मी पत्रके लिहिली आहेत, आणि त्यांतले फारसे काही आजही मागे घ्यायचे नाही. पण स्वतःवर गुदरलेली गोष्ट दडवून ठेवणे हाही खोटेपणाच. म्हणून घडले तसे सांगते. त्याला काय नाव द्यायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

बेचाळीसचा हिवाळा होता. कर्जतच्या वर घाटात कुणीतरी रुळांना हात लावला होता, आणि तेव्हापासून सरकारने रुळांखालच्या गावांनाच पहाऱ्याला बसवले होते. रूळ हलला की गाव धरायचे. ज्यांनी जन्मात गाडीत पाय ठेवला नाही त्या लोकांनी काठ्या घेऊन सरकारची गाडी राखायची, याचा मला मनस्वी संताप होता. त्याच संतापात मी एक पत्रक लिहिले होते. अशा अशांत दिवसांत परगावी निघालेल्या प्रवाशाने जीव कसा जपावा, हा त्याचा विषय. अनोळखी माणसाशी बोलू नये. कुणी हटकलेच तर जवळच्या गावात नातेवाइकाकडे निघालो आहोत असे ठोकून द्यावे. असे पुष्कळ शहाणपण मी त्यात शिकवले होते, आणि शेवटी गोळीबार करणाऱ्यांना चार खरमरीत शब्द सुनावले होते. त्या चार शब्दांपायी पत्रक चोरून छापावे लागले. ओळखीच्या ज्या छापखानेवाल्या काकांनी ते छापले त्यांच्या घरी चार लेकरे. छपाईच्या खिळ्यांच्या ठशावरून पोलीस छापखाना हुडकतात, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

मी कर्जतला उतरले ती लेणी पाहायला आलेली प्रवासी म्हणून. ते निव्वळ सोंगही नव्हते. कोंढाण्याची लेणी मला खरोखरच पाहायची होती. स्टेशनात निम्मी पत्रके वाटून झाली तोच दारात पोलीस दिसले, म्हणून उरलेला गठ्ठा पिशवीत शालीखाली दडपून मी लेण्यांची वाट धरली.

डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी आहे. तिच्या शिवेवर वाघोबाचा शेंदरी दगड, आणि त्याच्यापुढे वाळल्या डहाळ्यांचा कमरेइतका ढीग. येणारा-जाणारा प्रत्येक जण एक हिरवी डहाळी मोडून त्यावर ठेवतो आणि मग पुढे जातो. ही चाल मला माहीत होती. तिच्यावर मी एकदा भाषणातही तोंड टाकले होते. तेव्हा मी मान ताठ ठेवून ढिगाला वळसा घातला आणि चालू लागले.

वीस पावलेही गेले नसेन, मागून हाक आली. पहाऱ्यावरून उतरलेले दोघे जण झाडाखाली बसले होते, ते मला दिसलेच नव्हते.

"बाय, कुठं चाललीस?"

मी माझ्याच पत्रकातला नियम पाळला. "कळंबला, नातेवाइकांकडे."

"कळंब हिकडं कुठं? कुनाकडं जायाचं?"

"पाटलांकडे."

त्यातला थोराड होता तो दुसऱ्याकडे पाहून हसला. "मंग मला वळखाया पायजेस. मी त्याच पाटलांचा जावय. मेव्हनी दिसतीस माजी."

दुसरा हसला नाही. तो ढिगाकडे बघत होता. "डहाळी न ठेवता गेली ती. आपल्यातली नाय, प्रवाशातली बी नाय. परवा रूळ उचकटला, तवा बी असंच कोन कोन हिंडत व्हतं." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आमची पोरंबाळं हायत, बाय. तुला सोडली तर आमाला धरत्याल." आणि वर घाटात ठाकुरवाडीच्या रेल्वेथांब्यावर पोलिसांचा तळ होता, तिकडे जमादाराला आणायला तो चढू लागला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्यांच्यासाठी मी गावोगाव कंठशोष करत होते तेच मला धरून देत होते, आणि त्यांचे चुकत नव्हते. मला फक्त भीती वाटत होती. पिशवी उघडली की संपले. मी जाईन तुरुंगात, त्याची तयारी मी भाषणांतून कितीदा तरी केली होती. पण माझ्यामागून ते काका जातील, आणि त्यांच्या लेकरांना माझ्या चार शब्दांचा अर्थही कळणार नाही. काकांनी गठ्ठा हातात देताना एवढेच म्हटले होते, "पोरी, जपून." मी त्यांना नियम ऐकवले होते.

राखणीला थोराड उरला. परक्या बाईमाणसाकडे टक लावून बसू नये म्हणून तो माझ्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसला होता. मी सरकत सरकत वाघोबापाशी गेले. ढिगात कोपरापर्यंत हात घालून गठ्ठा आत खुपसला. कोपऱ्याचा पांढरा कागद दिसत राहिला, म्हणून शेजारच्या ऐनाच्या झाडाची एक डहाळी मोडून त्यावर ठेवली. आयुष्यात देवाला वाहिलेली माझी पहिली वस्तू ही अशी, चोरी झाकायला. आणि ती ठेवताना माझ्या तोंडून निघाले, "सांभाळ रे." कुणाला म्हणाले, मला माहीत नाही.

मान वर केली तर समोर एक म्हातारी उभी. डोक्यावर लाकडांची मोळी. तिने सगळे पाहिले होते.

तिने मोळी उतरवली आणि हळू आवाजात विचारले, "जाताना का नाय ठेवलीस? ठाव नवतं?"

खोटे बोलायचे माझ्यात त्राण उरले नव्हते. "ठाऊक होतं. मानत नव्हते."

"वाघ काय मानतो त्यालाच खातो गं?" ती बोळके उघडून हसली. मग तिने दोन डहाळ्या मोडल्या. एक ढिगावर ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. "पयली झाकाया ठेवलीस. ही त्याला ठेव."

मी ती ठेवली. त्या वेळी मनात पत्रके नव्हती, काका नव्हते, मीही नव्हते. हात रिकामा झाला आणि त्याबरोबर काहीतरी सुटले. भीती गेली असे म्हणणार नाही. पण ती एकटीने उचलायची राहिली नाही.

जमादार आला तो घामाघूम, वैतागलेला. "कोण ही? कुठली?"

थोराड उठला. त्याने आधी ढिगाकडे पाहिले. तीन हिरव्या डहाळ्या. मग म्हातारीकडे पाहिले. ती म्हणाली, "पावनी हाय वाघोबाची. डहाळी उशिरानं ठेवली, येवढंच. ज्यानं ठेवली त्याला आमी धरून देत नाय." थोराडाने मान हलवली. "व्हय. माजी चूक झाली." वर चढून गेलेला, जमादाराला घेऊन आलेला तो दुसरा माणूसही ढिगाकडे पाहत मागे सरला. आपली पोरंबाळं त्याला तेव्हाही आठवत असतील, हे मी विसरू शकत नाही.

जमादाराने माझी पिशवी उलटी केली. शाल पडली, भाकरी पडली, गाडीचे तिकीट पडले. "लेणी बघायला आले," मी म्हणाले, आणि ते खरे होते. "दिवस कसले आणि तुम्हाला लेणी सुचतात," तो करवादला. जायला वळला, आणि थांबला. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, हात वर करून ऐनाची चांगली पानाळ डहाळी मोडली, आणि वाकून, अगदी माझ्या गठ्ठ्यावर, ती बेताने ठेवली. डोळे मिटून क्षणभर उभा राहिला. त्याच्या घरीही कुणी असेल, ज्याच्यासाठी तो काही मागत होता.

म्हातारी मला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. नाव विचारले तर म्हणाली, "नाव घेऊन कुठं जातीस? जा सुखानं." काकांच्या छापखान्याकडे कुणी फिरकले नाही. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते खिळे जुळवता जुळवता थांबले आणि त्यांनी हात जोडले.

लोकांनी कसे वागावे हे मी पुष्कळ लिहिले. परक्याच्या शिवेत पाय टाकताना आधी वाकावे, एवढे मात्र मला एका मोळीवालीने शिकवले. वर्षाने मी पुन्हा त्या वाटेने गेले. ढीग तेवढाच होता. खालची पाने कुजून माती झाली होती, आणि त्या मातीत कुठेतरी माझे कागदही. मी शोधले नाहीत. ऐनाची डहाळी मोडली, ठेवली, आणि मग पुढे गेले.