तेरा पाऊणे पावणेदहा

आनंदीकाकूंना कुवेतमध्ये एकच गोष्ट पाहायची होती, दीपस्तंभ. दिवा लागत नसला तरी चालेल, पण भिंतीला हात लावता आला पाहिजे. वेंगुर्ल्याकडच्या त्यांच्या अंगणावरून रोज रात्री झोत फिरून जायचा. तो दीपस्तंभ मात्र समुद्रातल्या खडकावर. तिथे त्यांना कुणी कधी नेलं नव्हतं.

त्यांचे यजमान काशिनाथकाका कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाच्या तेल रिफायनरीत पाइप फिटर होते. युद्धानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर ब्याण्णव साली आले आणि कँपातल्या सहाजणांच्या खोलीत चौदा वर्षं राहिले. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. हा हिशोब त्यांच्या वडिलांचा. मग घास हातात धरूनच सांगायचे, "आता आमच्या धक्क्याक पाणी लागला."

बाबा त्यांच्याच प्लँटवर इंजिनिअर. बाबांनी खटपट करून काकूंसाठी महिन्याचा व्हिजिट व्हिसा मिळवला. काकू आमच्याकडेच उतरल्या. त्यांचं परतीचं विमान मंगळवारी होतं आणि हाती हा एकच शुक्रवार उरला होता. फेब्रुवारी २००६. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते.

सकाळी दीपस्तंभाकडे निघालो आणि वाटेतल्या बागेत थांबलो. तिथला धबधबा कोरडा होता. दहा वाजता एका माळ्याने खटका दाबला आणि सिमेंटच्या कड्यावरून पाणी कोसळू लागलं.

"बघ गो, हयसर पाण्याकय बटण आसा," काका म्हणाले.

"मगे तुमकाय एक लावून घेवा. बोलणा बंद करूक."

दुपारी समुद्रकाठच्या खैरानला पोहोचलो. वाळवंट खोदून कालवे केले होते आणि समुद्राचं पाणी आत घ्यायला मोठे लोखंडी दरवाजे बसवले होते. ते बंद होते. रखवालदार झहूर पेशावरकडचा. तो म्हणाला, "सवा दो बजे पानी चढ़ना शुरू होगा, तब गेट खुलेगा."

काका हसले. बोटांची पेरं मोजत म्हणाले, "आज त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. भरती रात्री पावणेदहाक. तेच्या सव्वासा तास आधी, म्हणजे साडेतीनपर्यंत, सुकती. पाणी उतरतलाच." मग आमच्याकडे वळून, "ह्येंचा पाणी ऑफिसच्या टायमान चलता. सकाळी बघलात मा?"

बाबांनी मान डोलावली. समुद्राच्या बाबतीत काकांना कोण शिकवणार?

दीपस्तंभ तिथून जवळच होता, किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, उघड्या पडलेल्या चिखलवाळूत. पावणेतीनला आम्ही तिघं निघालो. बाबा गाडीपाशी थांबले. मध्ये एक चर होती, घोट्याएवढ्या पाण्याची. तिच्या अलीकडच्या खडकावर काकांनी चपला काढून ठेवल्या.

पोहोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. काकूंनी भिंतीवर दोन्ही तळवे टेकवले.

"गरम आसा," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हात काढेनात.

मी मागे पाहिलं. आमच्या पावलांचे ठसे पाण्याने भरले होते. बघता बघता दोन ठसे एक झाले.

"काका, पाणी येतंय."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "अजून धा मिनटा उतरतला."

"अहो," काकू अगदी हळू म्हणाल्या, "ती तुमची चप्पल मा?"

किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्यावर एक चप्पल तरंगत आमच्याकडे येत होती.

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. क्षणभर ते नुसते घड्याळाकडे पाहत राहिले. मग काकूंचं मनगट धरून निघाले, जवळजवळ ओढतच. पाणी आवाज न करता चहूबाजूंनी येत होतं. चरीपाशी पोहोचेपर्यंत ते गुडघ्याला लागलं होतं, आणि चर कुठे सुरू होते तेच दिसत नव्हतं.

काकूंना पोहता येत नव्हतं. काकांनी त्यांचा पदर स्वतःच्या पट्ट्याला बांधला, दोनदा ओढून गाठ तपासली. मला म्हणाले, "माझो शर्ट सोडू नको."

पाणी बर्फासारखं होतं. मधोमध ते काकूंच्या छातीशी आलं. पायाखालची वाळू सरकली आणि त्या एकदा पूर्ण खाली गेल्या. काकांनी पदराने वर ओढलं. त्या खोकल्या, पण ओरडल्या नाहीत. काका काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. कान दिला तेव्हा ऐकू आलं: "तेरा पाऊणे पावणेदहा... तेरा पाऊणे पावणेदहा..."

पलीकडून बाबा कमरेएवढ्या पाण्यात धावत आले होते. त्यांनी आधी मला धरलं, मग काकूंना.

आम्ही गाडीत बसलो. काका सीटवर न टेकता बसले होते.

"चौदा वर्षां हयसर आसात," काकू शेवटी म्हणाल्या, "एकदाव समुद्रार जावन पाणी बघलात नाय?"

"नाय," काका म्हणाले. "कॅलेंडरात बघी. तां आपल्या धक्क्याचा पाणी."

"त्या रखवालदाराच्या गेटार गाडी थांबवा, भावोजी."

बाबांनी थांबवली. दरवाजे आता सताड उघडे होते आणि पाणी गर्जत आत घुसत होतं. काका अनवाणीच उतरले. झहूरने त्यांच्या ठिबकत्या पँटकडे पाहिलं, मग गाडीतल्या काकूंकडे. आपली शाल काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

"तू बरोबर बोला था," काका म्हणाले. मग विचारलं, "कल कितने बजे चढ़ेगा?"

"कल?" झहूर म्हणाला. "रोज़ पौना घंटा देर से चढ़ता है."

काकांची बोटं पुन्हा पेरांवर फिरली. मग गाडीकडे वळून त्यांनी काकूंना चारातली तीन बोटं दाखवली, म्हणजे इथेही पाऊणच. काकू शालीत तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.