दोन अँपियरची तार

माझ्या बापानं अकोल्याहून रुखवतात विजेची इस्त्री दिली, तिथूनच सारं बिनसलं. सासर अमरावतीचं, फुलांच्या धंद्यातलं. घरात नुकतेच तीन दिवे लागले होते आन् सासऱ्याचा जीव त्या दिव्यांवर होता, सुनेवर नव्हता.

लग्नसराई आली आन् तार जळू लागली. चिनी मातीच्या डबीतली ती बारीक तार, तिले फ्यूज म्हणत. भार जास्त झाला का ती जळते आन् घर अंधारात जाते. रोज नाही हो जळत. ज्या दिवशी मोठ्या लग्नाचे हार करायचे असले, नेमकी त्याच दिवशी, दिवेलागणीले. आन् त्याच लग्नाले जायचं म्हणून माझ्या अंगावर कडक लुगडं असे!

"सूनबाईचं लुगडं पाय," सासरे सासूले म्हणत. "इस्त्रीशिवाय अशी घडी बसते काय?"

लुगड्यावर मी निखाऱ्यांचा तांब्या फिरवत होती, माहेरी फिरवायची तसा. सांगून सांगून जीभ झिजली. ऐकते कोण!

धनी शिकलेले. त्यांनी पाटीच घेतली. "हे पाय. दिवे तीन, साठ-साठ वॅटचे. एकशे ऐंशी. आपल्या घरी व्होल्ट दोनशे तीस. वॅटले व्होल्टनं भागलं का अँपियर येतात. पुरता एकही भरत नाही. तार आहे दोन अँपियरची. मंग ती जळते काहून? आता इस्त्री धर. पाचशे वॅट. भागलं तं दोनाच्या वर गेलं. दिवे मिळवले का झाले तीन. बोल आता."

मीही चौथी शिकलेली. भागाकार करून पाहिला. बरोबर निघाला, तोच तं घात होता!

"भागाकार खरा असंन," मी म्हटलं, "पण मी इस्त्री लावलीच नाही."

"मंग वॅट काय आभायातून पडले?"

आग लागो त्या पाटीले! मंग मलेही साऱ्यांचाच संशय येऊ लागला. शेजारी आमच्या तारेवर आकडा तं टाकत नाही, म्हणून मी भिंतीवर चढून पाहिलं. सासू दिव्याच्या होल्डरले काही लावते का, म्हणून तिच्याही खोलीत डोकावली. कुठंच काही नाही.

शेवटी मीच धन्याले म्हटलं, इस्त्री ट्रंकेत घाला, कुलूप लावा, किल्ली तुमच्या करदोड्याले बांधा. त्यांनी बांधली. चांदूर बाजारच्या लग्नाचे हार होते त्या दिवशी तार पुन्हा जळली. धनी कमरेची किल्ली चाचपून म्हणतात काय, "दुसरी किल्ली असंन तुह्यापाशी."

सासऱ्यानं निकाल देऊन टाकला. "आता जळली तं हिले अकोल्याले पोचवून दे. ट्रंकेसुद्धा." धनी काहीच बोलले नाहीत. सासऱ्याच्या बोलण्यापेक्षा मले त्यांचं ते गप्प बसणं जास्त लागलं.

पुढच्या लग्नाच्या दिवशी मी धन्यासमोरच मांडी घालून बसली. "पाहत राहा माझ्याकडे. मी इथून हालणार नाही."

हार ओवून झाले. आमच्या मातीच्या भिंती खिळा धरत नसत. विजेवाल्यानं भिंतीत गुटके गाडून तारा झाकाले लाकडाची पट्टी ठोकली, तवा सासऱ्याले वाटलं, चला, हार टांगायची सोय झाली. त्या पट्टीवर त्यांनी आपल्या हातानं ओळीनं खिळे मारले होते. हार जास्त असले का बटनाजवळचा शेवटचा खिळाही कामी येई. सासूनं तिथं मोगऱ्याचा जाड हार अडकवला आन् फुलं टवटवीत राहावी म्हणून नेहमीसारखं ओंजळीनं पाणी शिंपडलं.

खिळ्यापाशी निळी ठिणगी चरचरली. अंधार.

मी होती तिथंच, मांडीवर फुलं घेऊन. "घ्या पाटी," मी म्हटलं. "ओल्या हाराचे वॅट किती धरता?"

धन्यानं मेन बंद करून कंदिलाच्या उजेडात खिळा उपटला. तो नेमका दोन तारांच्या मधात घुसला होता. हाराच्या वजनानं वाके, पाणी मुरलं का दोन्ही तारा त्याच्यातून भिडत. सासरे खिळा उलटासुलटा करून पाहत राहिले, जसा काही तोही मीच ठोकला होता.

धन्यानं किल्ली सोडून माझ्यापुढे धरली. "घे. आपण हिशेबात खिळा धरलाच नाही."

"खिळा तं लपलेला होता," मी म्हटलं. "मी रोज डोयासमोर होती. मले काहून नाही धरलं?"

मी किल्ली घेतली नाही. त्यांनी ती पुन्हा करदोड्याले बांधली, आन् म्हणाले, "तू मागशीन तवा देईन." मी कधी मागितलीच नाही. संसार झाला, लेकरं झाली, घरात दिवे वाढले, तार जाड आली. लुगड्यावर तांब्याच फिरत राहिला. दर वर्षी नवा करदोडा आला का ते जुन्याची किल्ली सोडून नव्याले बांधत, आन् बांधताना एकदा माझ्याकडे पाहत.

ते गेले तवा रिवाजानं करदोडा तोडला आन् किल्ली माझ्या हातात आली. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी रडली तेवढीच त्या किल्लीसाठीही रडली. इस्त्री अजून ट्रंकेतच आहे.