चार पेट्या आणि जंगल खात्याचा हातोडा

आमच्या घराण्यात आजवर कोणीही तुरुंगात गेलेलं नाही. मी मात्र अगदी दारापर्यंत जाऊन आलो, आणि तेही झेंडूच्या चार रोपांपायी.

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. मी बऱ्हाणपुरात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. वडील गेलेले, घरात आई, मी आणि धाकटी बहीण यमू. यमूला आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. (एकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही. आईच्या मते दुसरा अपमान मोठा!) आता तिसरं स्थळ आलं ते असं, की दृष्ट लागू नये म्हणून आई तीन दिवस घरातसुद्धा हळू आवाजात बोलत होती. मुलाचे वडील असीरगडाच्या पलीकडल्या जंगलात रेंजर. सरकारी बंगला, बुडाखाली घोडा, हाताखाली गार्ड. ते पुढच्या रविवारी मुलगी पाहायला येणार होते. हे स्थळ हुकलं तर यमूचं काय, या चिंतेनं आईचा जीव टांगणीला लागला होता, आणि आईच्या धाकानं माझा.

"त्यांना झाडांचा फार शौक आहे म्हणतात," आई म्हणाली. "अन् आपल्या परसात काय आहे? राखेचा ढीग!"

"मग फुलझाडं लावू."

"त्या मुरमात? तिथं कुदळ उडून अंगावर येते. कुंभाराकडून चार कुंड्या आण, म्हणजे झालं."

इथं मी आईचं ऐकलं असतं तर पुढलं काहीच घडलं नसतं. पण शाळेच्या कामानं एकदा मी डाकबंगल्यावर गेलो होतो, आणि तिथल्या व्हरांड्यात लाकडी पेट्यांत लावलेली फुलं पाहून आलो होतो. रेंजरसाहेब म्हणजे गोऱ्या साहेबांत ऊठबस असलेला माणूस. त्यांच्यापुढं कुंड्या? छे!

"लाकडी पेट्या करू," मी जाहीर केलं. "सुतार नको. मी स्वतः करणार. स्वस्तात!"

"तू?" आई आणि यमू एकदम म्हणाल्या. एवढा मोठा प्रश्न इतक्या लहान शब्दात मी पुन्हा कधी ऐकला नाही.

सिंधीपुऱ्यातल्या एका लाकडाच्या वखारीत मला पाच फळ्या मिळाल्या. अस्सल सागवान, आणि भाव ऐकून माझाच माझ्या कानांवर विश्वास बसेना. वखारवाला शेठ इकडेतिकडे पाहून माझ्या कानाशी लागला.

"मास्टरजी, सिर्फ आपके लिए! पर किसी को बोलना मत, हां?"

मी मान डोलावली आणि फळ्या हातगाडीवर टाकून घरी आलो.

शाळेत मी भूमिती शिकवत असे. त्यामुळे पेटी म्हणजे काय, चार काटकोन! प्रत्यक्षात माझ्या चार पेट्यांना मिळून दोन काटकोन आले, तेही एकाच पेटीत. एका फळीत चार बाजू, म्हणजे एक पेटी. चार फळ्यांत चार पेट्या झाल्या आणि पाचवी फळी शिल्लक उरली, म्हणून मी स्वतःच्या काटकसरीवर खूश होऊन उभा राहिलो.

यमूनं पेटीतून आरपार जमीन पाहिली. "दादा, याला बूड?"

एका फळीत चार बुडं बसेनात. मग खाली दुहेरी गोणपाट ठोकलं. (पाण्याचा निचरा चांगला होतो, असं मी तिला समजावलं.) पण एक गोष्ट मला फार साधली होती. प्रत्येक फळीच्या एका टोकाला गोल ठसा होता, आत दोन इंग्रजी अक्षरं. मला ती छानशी नक्षी वाटली, म्हणून चारही पेट्यांवर मी ती अगदी दर्शनी बाजूला घेतली. माती भरली, रोपं लावली आणि शेजारच्या गोविंदकाकांना कौतुकानं बोलावून आणलं. काका तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. कायद्याचं त्यांना फार ज्ञान होतं, निदान त्यांना तसं वाटे.

काकांनी चष्मा लावला. पेटी पाहिली. मग चष्मा काढून मला पाहिलं.

"मास्तर, हे काय करून बसले तुम्ही?"

"पेट्या!"

"अहो, हा जंगल खात्याच्या हातोड्याचा ठसा आहे! सरकारी शिक्का! सरकारी लाकूड घरात ठेवलं तर काय होते, माहीत आहे?"

"काय होतं?"

"आधी नोकरी जाते," काका शांतपणे म्हणाले. "मग माणूस जातो. खंडव्याच्या तुरुंगात."

'किसी को बोलना मत' या शब्दांचा खरा अर्थ आता मला कळला. (प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रत्येक दुकानदार हेच सांगतो, हे त्या क्षणी सुचलं असतं तर!) चोरीचा सरकारी माल मी राजरोस रस्त्यानं हातगाडीवरून आणला होता. सरकारचा शिक्का दर्शनी बाजूला लावला होता. आणि तो बघायला खुद्द जंगल खात्याचा अधिकारी फराळाला बोलावला होता! इतकी सोय कोणत्याही चोरानं पोलिसांची केली नसेल.

पुढले तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बुधवाऱ्याच्या बाजारात खाकी कपडा दिसला की मी जवळच्या दुकानात शिरे. अशा रीतीनं मी विनाकारण दोन बांगड्यांच्या दुकानांत आणि एका न्हाव्याकडे जाऊन आलो. वर्गात भूगोलाच्या पुस्तकात 'आपली जंगले' हा धडा आला, तो मी गाळून सरळ 'आपल्या नद्या' घेतला. अन्न जाईना. आईला सांगावं तर ती त्या जागीच बसली असती. एकट्या यमूला सांगितलं.

"वखारवाल्याला जाऊन विचार ना, दादा," ती म्हणाली.

"म्हणजे त्याच्याबरोबर मलाही धरतील!"

"मग पेट्या लपव."

"अन् रेंजरसाहेबांना काय दाखवू? राखेचा ढीग?"

शनिवारी दुपारी आई देवळात गेली तशी मला एकदम युक्ती सुचली. शिक्का हाच पुरावा ना? मग शिक्काच नको! मी पटाशी घेतली आणि चारही पेट्यांवरचे शिक्के खरवडून काढले. घाई इतकी होती की लाकडाबरोबर अंगठाही थोडा निघाला. पण ढलप्या गोळा करून चुलीजवळच्या सरपणात टाकल्या आणि तीन दिवसांनी प्रथमच मी पोटभर जेवलो. सरकार एवढं मोठं, पण एका मास्तरानं त्याला बनवलं, असं काहीसं मला वाटू लागलं होतं. अंगठा ठणकत होता तरी मजा वाटत होती.

रविवारी रेंजरसाहेब आले. माणूस किडकिडीत, मऊ बोलणारा. मला ओरडणारी माणसं परवडतात. मऊ बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. शिरा झाला, पोहे झाले. मागल्या पडवीत बशी हातात घेऊन ते परसाकडे पाहत बसले आणि पाहता पाहता उठले.

"वा! सागवान दिसतंय."

"हो... म्हणजे... असेल," मी म्हणालो.

ते पेटीजवळ उकिडवे बसले. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग दुसरी पेटी पाहिली. मग तिसरी.

"मास्तर, इथला शिक्का कुठं गेला?"

"शि-शिक्का?"

"लिलावात विकलेल्या लाकडावर आम्ही शिक्का मारतो. शिक्का असला म्हणजे माल चोख, कुणी काही विचारायचं नाही." ते माझ्याकडे वळले. "शिक्का खरवडलेला असला, म्हणजे मात्र लाकूड चोरीचं."

मी हात जोडले.

"साहेब, शिक्का होता! देवाशपथ होता! मी काढला!"

"का?"

"भीतीनं!"

"कशाच्या?"

"शिक्का असल्याच्या!"

रेंजरसाहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं. हा माणूस पोरांना शिकवतो, हे त्यांना पटत नसावं.

"काढलेले तुकडे कुठं आहेत?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई उत्तरली, "त्या ढलप्या होय? चुलीत घातल्या मी. छान पेटल्या. त्याच्यावरच तर शिरा केला."

साहेबांनी हातातल्या बशीकडे पाहिलं. माझ्या निर्दोषपणाचा सगळा पुरावा त्यांनीच दोनदा मागून घेऊन खाल्ला होता! आईला आता कुठं काहीतरी बिनसल्याचं कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. गेलं, माझ्या मनात आलं. नोकरी गेली, आणि मी खंडव्याला जाईन त्याचं काही नाही, पण पोरीचं स्थळ माझ्या हातानं गेलं! मला खरंच रडू फुटलं. वरपक्षासमोर मुलीच्या भावानं रडायचं ते लग्नानंतर, पाठवणीच्या वेळी. मी बैठकीतच उरकून घेतलं.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"पाचवी फळी आहे ना, दादा!"

मुलगी पाहायला आलेल्यांसमोर विचारल्यावाचून तोंड उघडायचं नाही, ही तेव्हाची रीत. आणि यमू लुगडं सावरत, काखेत फळी मारून सरळ पडवीत आली! ती फळी तिनं लोणच्याच्या बरण्यांखाली ठेवली होती. तेलाचा डाग होता, मेथीचा वास होता, आणि टोकाला ठसठशीत शिक्का होता.

"सिंधीपुऱ्यातल्या वखारीतून आणल्या आहेत," ती रेंजरसाहेबांना म्हणाली. "पाचही एकाच ठिकाणच्या. विचारून घ्या हवं तर. दादा भितो फार, पण चोर नाही."

साहेबांनी शिक्का निरखला. फळीचा वास घेतला. मग आईला म्हणाले, "बाई, मुलगी आम्हाला पसंत आहे. आमच्या घरी नुसत्या सरकारी कागदांवर जगणारी माणसं पुष्कळ झाली. धीराचं एखादं माणूस हवंच होतं."

आई रडू लागली, यमू आत पळाली. माझं आधीच रडून झालेलं असल्यामुळे मी नुसता उभा राहिलो. जाताना साहेब मऊ आवाजात म्हणाले, "वखारीत चौकशी करून गार्डला पाठवतो, मास्तर. पेट्यांवर पुन्हा शिक्का मारून देईल. पुढं कुणी हटकायला नको."

दोन दिवसांनी गार्ड आला. दांडगा गडी, खांद्यावर सरकारी हातोडा. बातमी फुटलेलीच होती, त्यामुळे गोविंदकाकांसकट सगळी आळी आमच्या परसात जमली. त्यानं पहिल्या पेटीवर नेमका एक ठोका घातला. ठण्! पेटीच्या चार बाजू चार दिशांना आडव्या झाल्या आणि मधोमध मातीच्या ढिगात झेंडू उभा राहिला. गार्ड दचकला. त्यानं दुसरीवर जरा हळू मारला. तीही गेली. तिसरीवर त्यानं हातोडा नुसता टेकवला. चौथी तर तिसरी पडताना पाहूनच बसली!

गार्डनं हातोडा खाली ठेवला, एक फळी उचलून माझे खिळे पाहिले, आणि विचारलं, "मास्टरजी, ये पेटियाँ किसने बनाईं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर खिळल्या. ज्या आरोपाच्या भीतीनं तीन दिवस माझ्या जिवात जीव नव्हता, तो आठवला, आणि मी छातीठोकपणे सांगितलं:

"बनाईं नहीं, भैया! चोरी की हैं!"