खापर नसताना शिंपडलेलं पाणी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, चिखली तालुक्यातल्या उंद्री गावी, माझ्या आईच्या हातून एकामागून एक मांडे फाटले. त्याच वेळी ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावच्या हॉटेलात माझ्या बहिणीने, जिला तोवर पोळीही धड लाटता येत नव्हती, कणकेची टेबलभर चादर ताणली आणि ती फाटली नाही. दोन्ही घटनांना साक्षीदार आहेत. एकीचा व्हिडिओ आहे.

उलगडा न झालेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. बुलढाण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. भानामती, अंगात येणं, विहिरीतून आवाज... असल्या बातम्या तालुक्यांतून येत असतात. मी वार्ताहराला एकच विचारतो — तू स्वतः पाहिलंस का? नसेल पाहिलं तर बातमी नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. त्यामुळे इथेही तोच नियम पाळतो. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगतो, जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं हे सांगून.

बहीण सोनल. हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि एका वर्षाच्या करारावर त्या हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी मिळाली. आमच्या घरातून देशाबाहेर गेलेली ती पहिलीच. चिखलीच्या स्टँडवर तिला सोडायला आम्ही गेलो तेव्हा आई एका पिशवीत बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभी होती.

"तिकडं थे लोक काय खातात वं?" आईने विचारलं.

"ब्रेड, आई."

"अन् तू थो ब्रेड कराले चालली? खामगावात बेकऱ्या नाहीत काय?"

"मी केक-बिक शिकायला चालले, आई."

"मांडे शिक म्हणलं त पळे घरातून. आता जाय, गोऱ्यांची कणीक मळ." एवढं बोलून आईने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

मांड्यांबद्दल थोडं सांगतो, कारण आमच्याकडचे नसाल तर पुढचं समजणार नाही. वऱ्हाडात आंब्याच्या दिवसांत पाहुणे आले की रस आणि मांडे. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा लाटत नाहीत. तो हातांवर घेतात, पंज्यांवरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत खेळवत वाढवतात आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडतात. सोडण्याआधी आई उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवून खापरावर शिंपडते. पाणी चर्रर्र करून उडालं की खापर तापलं. गावात कुणाकडे मोठे पाहुणे आले की मांड्यांसाठी आईला बोलावणं येतं. तिचा मांडा फाटलेला मी कधी पाहिला नव्हता. रिकाम्या हाताने बसलेलीही कधी पाहिली नव्हती. टीव्हीसमोर बसली तरी हातात तूर निवडायचं सूप असायचं.

सोनलच्या हॉटेलची ओळख म्हणजे स्ट्रुडेल. सफरचंदाचं सारण भरलेली गुंडाळी. तिची कणीक कापड घातलेल्या टेबलावर, खालून मुठी घालून ताणतात. खाली छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत इतकी पातळ. सोनलची कणीक रोज फाटायची. सुरुवातीचा काळ परीक्षेचा होता. तो संपताना स्ट्रुडेल जमलं नाही तर करार तिथेच थांबणार आणि ती घरी परत, असं मुख्य शेफ बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

हे तिने मला त्या रविवारच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं.

"दादा, उद्या शेवटचा चान्स आहे. आज चार वेळा फाटली रे."

"आईला देऊ फोन?"

"नको! सांगूच नको. साऱ्या उंद्रीला पेढे वाटलेत तिने. मी अशी परत आले तर ती काही बोलणार नाही, तेच मला सहन नाही होणार."

मी सांगितलं नाही. आईला काहीच माहीत नव्हतं, हे मी खात्रीने लिहू शकतो.

दुसऱ्या दिवशी मी उंद्रीतच होतो. कमलमावशीच्या मुलीची सोयरीक जुळत होती आणि मुलाकडचे लोक आमच्या घरी जेवायला येणार होते. मावशी दोन दिवस आधीच येऊन राहिली होती. अंगणात चूल पेटवली. आईने पहिला मांडा हातावर घेतला. मनगटापर्यंत आला आणि मधोमध फाटला. पुरण तिच्या लुगड्यावर सांडलं.

मावशी हसली. "अवं माय, तुह्या हातचा फाटला? सूर्य कुठून निंगला आज?"

"होते कदी कदी," आई म्हणाली.

दुसरा फाटला. तिसरा हातावर चढलाच नाही. मावशीचं हसणं थांबलं. पाहुणे यायची वेळ झाली होती.

"कणीक सैल झाली काय वं, बाई?"

"कणीक बरोबर आहे. तू घे बरं."

मावशीने त्याच परातीतला गोळा घेतला. तिचे मांडे आईएवढे मोठे होत नाहीत, पण फाटला नाही. पुढचाही नाही. म्हणजे दोष पिठाचा नव्हता. आई बाजूला सरकून बसली. हात पालथे-उताणे करून पाहत राहिली.

"दुखते काय?" मी विचारलं.

"दुखत नाही रे बाप्पा. पण... माहे हात इथं नाहीत वाटते आज."

ती घाबरली नव्हती. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसल्यावर जशी बोलते तशा सुरात बोलली. त्या दिवशी सगळे मांडे मावशीने केले. पाहुण्यांनी तारीफ केली. सोयरीक जुळली.

जेवणं आटोपत होती तेव्हा सोनलचा मेसेज आला. "दादा, पास!!" खाली व्हिडिओ.

तो तिची रूममेट प्रमिला हिने काढला होता. ती नेपाळची, त्याच किचनमध्ये काम करते. व्हिडिओत सोनल टेबलाजवळ उभी आहे. सुरुवातीला इतर सगळे करतात तशी मुठींवर कणीक ताणते. मग थांबते. कणीक उचलून पंज्यांवर घेते, मनगटावर, कोपरापर्यंत... आणि फिरवायला लागते. मागून शेफ बाईंचा आवाज येतो. सोनलने नंतर सांगितलं, त्या विचारत होत्या की हे तुला कुणी शिकवलं? चादर मोठी होत जाते, टेबलावर उतरते, कडेपर्यंत पोचते. फाटत नाही.

उतरवण्याच्या जरा आधी सोनलचा उजवा हात सुटतो, शेजारच्या वाडग्यातल्या पाण्यात बोटं बुडवतो आणि समोर शिंपडतो. समोर काहीही नाही. चूल नाही, खापर नाही. फक्त पांढरं कापड. पाण्याचे थेंब त्यावर पडलेले दिसतात. प्रमिला हसते. सोनल हसत नाही. ती आपल्या हाताकडे पाहते.

व्हिडिओची वेळ मी पाहिली. तिकडची सकाळ, आपली दुपार. आईचे मांडे फाटत होते तीच वेळ.

आईला फोनवर दाखवला. तिने दोनदा पाहिला.

"पाणी काऊन शिंपडलं वं पोट्टीनं?" तिने मलाच विचारलं. "खापर त नाही थे."

मग परीक्षेचं सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मले सांगाचं ना रे." संध्याकाळी तिने उरलेल्या कणकेचा एक मांडा करून पाहिला. कोपरापर्यंत गेला. फाटला नाही.

मी सोनलला नंतर नीट विचारलं, वार्ताहराला विचारतो तसंच. तिचं उत्तर असं: "मी काही ठरवलं नव्हतं. हात चालत होते, मी बघत होते." लहानपणापासून पाहिलेलं ऐन वेळी हातात उतरलं असेल, हे मला मान्य आहे. आईचे स्नायू त्या दिवशी थकले असतील, हेही मान्य आहे. पण दोन्ही एकाच वेळी का? चिखलीच्या एका डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, योगायोग. मी त्याला व्हिडिओतलं पाणी दाखवलं. तो म्हणाला, चहा घे.

दुसऱ्या दिवशी सोनलची कणीक पुन्हा फाटली. शेफ बाईंनी ती हसण्यावारी नेली. पुढच्या काही आठवड्यांत ती स्ट्रुडेल शिकली, हॉटेलच्या पद्धतीने, मुठींवर. वर्ष पूर्ण करून घरी आली तेव्हा आईने तिला खापरासमोर बसवलं. सोनलचे सगळे मांडे फाटले. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"तुहं पास होणं खोटं होतं काय वं?"

"तुलाच विचार, आई."

या उन्हाळ्यात सोनल पुन्हा तिकडे गेली. या वेळी एका मोठ्या हॉटेलात. निवडीआधी एका दिवसाची चाचणी होती, आणि त्यात स्ट्रुडेल होतं. या खेपेला तिने तारीख आईला आधीच सांगितली होती.

त्याच दिवशी कमलमावशीकडे जावई पहिल्यांदा जेवायला येणार होता. मांड्यांसाठी आईला बोलावणं आलं. आईने कळवलं, "त्या दिवशी मले जमत नाही. पोळ्या करा."

सोनलची निवड झाली. त्या दुपारी मी बुलढाण्यात होतो, म्हणून शेजारच्या काकूंना फोन करून विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं की आई जेवणानंतर बराच वेळ ओट्यावर बसून होती. चूल पेटवली नव्हती. तूर निवडायचं सूप आत होतं. दोन्ही हात रिकामे होते.